ज्याचं गाणं, त्यानेच थांबवायचं

शुक्रवार, दुपार

प्रिय टेसा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर हे न उघडताच कचऱ्यात जाईल, म्हणून तुझं नाव पेट्रोल पंपावरच्या मुलीकडून लिहून घेतलंय. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण वाचून झाल्यावर रागाव. मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी शेवटी लिहिणार होतो, पण शेवटपर्यंत माझा धीर टिकत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? सोमवारी शाळा सुरू होते. त्याच्या आत मला डॅडींबद्दलची एक गोष्ट एका माणसाला सांगायची आहे, आणि आज तिसरा दिवस, ती माझ्या तोंडातून निघत नाही. निघाली तर डॅडींची बस जाईल. एकतीस वर्षं त्यांनी या खोऱ्यातली पोरं शाळेत नेली आहेत, त्यात मीही आलो. नाही निघाली तर काय होईल ते लिहायला घेतलं की हात थांबतो.

जूनमध्ये परत आलो, दोन आठवड्यांसाठी. ओक्लाहोमात गहू कापणाऱ्या मशिनांमागे ट्रक हाकत होतो, त्याआधी टेक्ससमध्ये छपरं घालत होतो, त्याआधी एका जत्रेत मोठा पाळणा फिरवायचो. पाळण्याची गोष्ट मजेची आहे, एकदा एक पाद्री चाळीस मिनिटं वर अडकून बसले होते आणि वरूनच सगळ्यांना आशीर्वाद देत होते, पण ते राहू दे. घाट चढताना माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि डॅडी ट्रक घेऊन मला ओढायला आले. दोर बांधता बांधता म्हणाले, किती दिवस आहेस? दर वेळी हेच विचारतात. मी म्हटलं, गाडी होईपर्यंत. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, किती दिवस आहेस? भांडी घासताना पुन्हा. मला तो टोमणा वाटला, टेसा. मी दोन दिवस रुसून त्यांच्याशी धड बोललो नाही. आता त्याची लाज वाटते.

शनिवारची गाण्या-वाजवण्याची बैठक तुला आठवत असेल. दहा वाजता आगीचा बंब शेडमधून बाहेर उन्हात काढायचा, त्याच्या जागी घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या, आणि मिस वेल्डांनी आपला माणसाएवढा उभा बास आणला की बसायचं. तू भिंतीला टेकून नर्सिंगची जाडजूड पुस्तकं वाचायचीस आणि म्हणायचीस की तुम्ही लोक तीन तास एकच गाणं वाजवता. बँजोवाल्या हॉबर्टकाकांना हे कुणीतरी जाऊन सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, पोरीला सांगा गाणी दोन आहेत, एक हळू आणि एक जोरात. तुला वाटायचं ज्याला लहर येईल तो वाजवतो. तसं नसतं. मला डॅडींनी नवव्या वर्षी हे सगळं शिकवलं. शाळेत माझ्या डोक्यात फार काही शिरलं नाही, हे मात्र पक्कं बसलं. कुणी खुर्ची सरकवून जागा देईपर्यंत गोलाच्या बाहेर उभं राहायचं. जो गाणं सुरू करतो त्याचं ते गाणं. पट्टी त्याची, लय त्याची. दोन कडव्यांच्या मधे एकट्याने वाजवायचा तुकडा कुणाला द्यायचा तेही तोच ठरवतो, तुझ्याकडे बघून मान हलवली की तुकडा तुझा. नको असेल तर आपणही नुसती मान हलवायची, तो पुढच्याकडे जातो, कुणी हसत नाही. तो गात असताना आपला हात हलका. दुसऱ्याच्या तुकड्यात आपली बोटं मिरवायची नाहीत. कुणाच्याही वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बापाच्यासुद्धा. आणि गाणं संपवायचं तेही त्यानेच. शेवटचं कडवं आलं की तो एक पाय उचलतो आणि सगळे मिळून थांबतात. पाय उचलला नाही तर गाणं चालूच.

एक राहिलं, आणि मला त्याचंच भय बसलं आहे. गाणाऱ्याने ओळ गाळली, तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी घेतलं, तर त्याला टोकायचं नाही. आपणही त्याच्याबरोबर तसंच चुकायचं. सगळे मिळून चुकले की ती चूक राहत नाही, बाहेरच्या माणसाला कळतही नाही. डॅडी याला माणुसकी म्हणायचे. मीही म्हणायचो.

तर जूनच्या शेवटी मी मँडोलिन घेऊन गोलात बसायला लागलो, आणि तीन-चार शनिवारांत माझ्या लक्षात आलं की डॅडी हॉबर्टकाकांना एकाच गाण्यात दोनदा लागोपाठ तुकडा देतात. काका तोही घेतात. दुसऱ्यांदा मुद्दाम वेगळं वाजवतात, म्हणजे ठरवून दिल्यासारखं वाटावं. मग दिसलं की मिस वेल्डा हल्ली डॅडींच्या समोर बसतात, पूर्वी शेजारी बसायच्या, आणि प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द ओठांनी नुसता दाखवतात. गाणं सुरू व्हायच्या आधी बासवर एक सूर सहज म्हणून छेडतात, तो त्या गाण्याच्या पट्टीचा असतो. आणि शेवट जवळ आला की हॉबर्टकाका बँजोवर एक ठरावीक बोल जोरात वाजवतात. तो ऐकला की डॅडींचा पाय उचलला जातो. हे त्यांनी कधी बसून ठरवलं नसणार. एकेक शनिवार करत जमत गेलं असणार, आणि मिस वेल्डांनी नंतर मला सांगितलं की याला वर्ष होऊन गेलं. वर्षभर सगळा गोल एका माणसाभोवती इतका नाजूक वाकलेला होता की त्या माणसालाही कळलं नाही. मला ते इतकं सुंदर वाटलं की भीती वाटायला आणखी एक आठवडा लागला.

गेल्या शनिवारी हॉबर्टकाका नव्हते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पावासारख्या गरम बिस्किटांवर ग्रेव्ही ओतून खात पडलेत आणि बायकोला घंटी वाजवून बोलावतात. आम्ही सहा जण होतो, आणि दारात ओहायोहून आलेलं एक सायकलवालं जोडपं. डॅडींनी गिरणीवाल्याचं गाणं काढलं. चार कडवी आहेत, चौथ्यात धरणाचा बांध फुटतो. तीन कडवी गायले, मला तुकडा दिला, मी वाजवला, आणि त्यांनी पहिलं कडवं पुन्हा घेतलं. ठीक आहे, होतं असं. आम्ही त्यांच्याबरोबर मागे गेलो. पुन्हा दुसरं, पुन्हा तिसरं, फिडलला तुकडा, आणि पुन्हा पहिलं. मिस वेल्डा चौथ्याचा शब्द ओठांनी दाखवत होत्या, मग पुटपुटून, मग जवळजवळ आवाज काढून. डॅडी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. चौथ्या फेऱ्याला सायकलवाली बाई हसायला लागली, तिला वाटलं आमची काही थट्टा चालली आहे. पाचव्या फेऱ्याला तिचंही हसू गेलं. कुणी थांबेना. थांबणार कसं, गाणं डॅडींचं होतं. त्यांच्या गळ्यावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता, आवाज मात्र तसाच स्वच्छ, आणि डोळ्यांत ते होतं, टेसा, कसं सांगू, आपण गाण्यात अडकलोय आणि दार कुठे आहे ते सापडत नाही हे त्यांना कळलं होतं. सगळी शेड त्यांना साथ देत होती, म्हणजे सगळी शेड मिळून त्यांना आत कोंडत होती. सातव्या फेऱ्याला मी मँडोलिन मांडीवर ठेवली, हात पुढे केला आणि त्यांच्या गिटारच्या तारांवर पालथा ठेवला.

सगळे थांबले. डॅडींनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू, मी नऊ वर्षांचा असल्यासारखं म्हणाले, “विचारायचं असतं, कोल्बी.”

बस, एवढंच. गिटार पेटीत ठेवली, मिस वेल्डांना टोपी काढून नमस्कार केला आणि बाहेर गेले. मी मागोमाग ट्रकमध्ये जाऊन बसलो. ते स्टिअरिंगपाशी बसले होते, पण किल्ली फिरवली नव्हती. काचेवर एक नाकतोडा होता, त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, किती वेळा झालं? मी म्हटलं, सात. ते म्हणाले, मला दोनदाच वाटलं. मला वाटलं आता ते म्हणतील की मला भीती वाटते, आणि मी म्हणेन मलाही. पण ते म्हणाले, “बसमध्ये असं होत नाही. बसमध्ये रस्ता समोर असतो.” आणि किल्ली फिरवून मला अगदी नीट घरी आणलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

परवा बुधवारी डॅडींची कोरी फेरी होती. शाळा उघडण्याच्या आठवड्यात ड्रायव्हर रिकामी बस घेऊन सगळा मार्ग एकदा फिरतात, कुठे झाड पडलंय, कुठे नवं वळण झालंय ते बघायला. मी म्हटलं मीही येतो. तिसऱ्या बाकावर बसलो, आपला जुना बाक, त्याचं रेक्झिन आता पट्टी चिकटवून जोडलंय. आणि ते काय सुंदर चालवतात. प्रत्येक थांब्यावर दिवे लावायचे, दार उघडायचं, चार अंक मोजायचे, दार लावायचं. खाली रेल्वेचं फाटक लागतं तिथे बस रिकामी असली तरी पूर्ण थांबवली, खिडकी सरकवली, दार उघडलं, पंखा बंद केला आणि कान देऊन ऐकलं. कोळशाची गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो. मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालायला लागलो. खोऱ्याच्या टोकाशी बस वळवायची जागा आहे, तिथून शाळेकडे खाली उतरायचं आणि झालं.

खाली उतरून ते शाळेकडे वळले नाहीत. पहिल्या थांब्याशी गेले आणि मार्ग पुन्हा सुरू केला. दिवे, दार, चार अंक. पण आता ते बोलायला लागले. गुड मॉर्निंग ड्वेन, दप्तर मांडीवर घे. ड्वेन आता खाणीत आहे, त्याला दोन मुलं आहेत. गुड मॉर्निंग लिसा, आईचं बरं आहे का? लिसाची आई मी सातवीत असताना वारली. पुढच्या थांब्यावर त्यांनी दार उघडलं आणि आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, कोल्बी, पुढे सरक, दुसऱ्यांना जागा दे. मी सरकलो, टेसा. मी खिडकीकडे सरकलो. आणि मग फाटक आलं. या वेळी ते थांबले नाहीत. वेगसुद्धा कमी केला नाही. चाकं रुळांवरून धडधडत गेली आणि मी समोरच्या बाकाची दांडी धरून डोळे मिटून घेतले. गाडी येत नव्हती. म्हणूनच मी हे लिहितो आहे. शनिवारी सगळ्यांच्या देखत मी त्यांच्या गिटारवर हात ठेवला, तिथे तर नुसतं एक गाणं होतं. बसमध्ये मी तोंड उघडलं नाही. मनात पहिलं काय आलं माहीत आहे? की गाणं त्यांचं आहे.

संध्याकाळी हॉबर्टकाकांकडे गेलो, गुडघ्याची विचारपूस करायला म्हणून, आणि सांगितलं. त्यांनी हातातली घंटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, दहा महिने तू बाहेर, दोन महिने घरात, आणि तुझा बाप, आमचा अर्विल, कसा आहे ते तू आम्हाला शिकवणार? मी म्हटलं, काका, फाटक. ते म्हणाले, “येत्या मे महिन्यात तो निवृत्त होतोय, पोरा. नऊ महिन्यांचा प्रश्न आहे. आपण सगळे मिळून ओढून नेऊ.” आणि डोळे पुसायला लागले, दुखण्याचं निमित्त करून. मला त्यांचा राग येत नाही. ते वाईट नाहीत. त्यांना बसचीसुद्धा साथ करता येईल असं वाटतंय. मिस वेल्डा तर म्हणाल्या की त्या रोज सकाळी आपली गाडी घेऊन बसच्या पुढे पुढे चालवतील, म्हणजे डॅडी त्यांच्या मागे मागे बरोबर जातील. एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

काल शाळेच्या बस विभागात गेलो. अर्धा तास बाहेर बसून होतो, शेंगदाणे कोकच्या बाटलीत टाकून प्यायलो, एका कुत्र्याशी ओळख केली. मग साहेबच बाहेर आले आणि मला ओळखून म्हणाले, अरे, अर्विलचा मुलगा ना तू? तुझे वडील म्हणजे आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. काय काम काढलंस? मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, नोकरीचा अर्ज मिळेल का? त्यांनी दिला. मी भरला. टेबलाशी बसून सगळा भरला, टेसा. आधीच्या नोकऱ्या लिहायला जागा पुरली नाही. मग हात मिळवून घरी आलो. डॅडींनी मक्याची कणसं भाजली होती. मला म्हणाले, किती दिवस आहेस? मी म्हटलं, बघू.

आता हे तुलाच का लिहितोय ते. काल रात्री डॅडींनी मला या वर्षीची यादी दाखवली, कौतुकाने, नवी नावं हिरव्या शाईत. शेवटचा थांबा, सात वाजून पाच मिनिटं, आयव्ही, पहिली इयत्ता. तुझी लेक आयव्ही. तिला सोमवारी बसमध्ये बसवू नकोस. तिच्यासाठी लिहितोय आणि बाकीच्या चाळीस मुलांसाठीही, पण त्या चाळिसांच्या घरी मी जाऊ शकत नाही, त्यांच्यातले निम्मे लोक शनिवारी आमच्या गोलात येऊन बसतात आणि डॅडींना सांभाळून घेतात. तू त्या शेडमध्ये तीन वर्षं बसलीस आणि एकदाही गाण्याकडे लक्ष दिलं नाहीस. तुला कुणाच्या गाण्याची भीड नाही, शिवाय तू दवाखान्यात काम करतेस, याला काय म्हणतात आणि कुणाला कळवायचं ते तुला माहीत असेल. तुझा नंबर माझ्याकडे नाही, पोस्टाने मंगळवार उजाडेल, म्हणून आज तू ड्यूटीवर असताना मी हे दारात ठेवून जाणार आहे. रविवारी चर्च सुटल्यावर मी साहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगेन असं ठरवलंय. पण माझी गाडी काल दुरुस्त होऊन आली, टाकीही भरली आहे, आणि अशा वेळी मी काय करतो ते तू एकदा दारात उभी राहून पाहिलं आहेस. म्हणून माझ्यावर अवलंबून राहू नकोस. रविवारी संध्याकाळपर्यंत शाळेकडून तुला काही कळलं नाही तर तू सांग, माझं नाव घेऊन सांग, मी सापडलो नाही तरी. आणि सांगूनही कुणी ऐकलं नाही, सोमवारी बस आली आणि स्टिअरिंगपाशी डॅडी दिसले, तर आयव्हीला घरात ठेव आणि तू रस्त्याच्या मधे उभी राहा. घाबरू नकोस. माणूस दिसला की ते अजून थांबतात.

तुझाच म्हणायचा हक्क मी घालवला, तरी तुझाच,
कोल्बी